झाकण दुसऱ्या डब्याचं

परवा संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. ऊन कलंडलं होतं, पण भिंतींतली धग काही गेली नव्हती. सोयाबीन निघायचे दिवस. नालवाडीच्या पलीकडे वावरांत थ्रेशर सुरू झालं की त्याचा भुसा वाऱ्याबरोबर आमच्या गल्लीत येतो आणि थेट माझ्या नाकात शिरतो. मग दिवसभर माझ्या शिंका. सून हैदराबादहून फोनवर म्हणते, "बाबा, डॉक्टरांना दाखवा ना." अहो, डॉक्टर काय सोयाबीन कापणं बंद करणार आहे? तर अशा दोनचार सणसणीत शिंका देऊन झाल्या, आणि पलीकडच्या घरातून डबा हलवल्याचा आवाज आला. खुळूखुळू खुळूखुळू. त्यामागून पोरींचा एकच गलका, "शेव! चिवडा! खारे दाणे!" मी खुर्चीत सावरून बसलो. भुलाबाई आली, राजेहो.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माहीत असलेल्यांनी तोवर चहा घ्यावा. हा आमच्या विदर्भातल्या पोरींचा सण. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी आणि मांडीवर गणपती, असा संसार पाटावर मांडायचा. वरून ज्वारीच्या धांड्यांचा मखर. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या पोरी घोळक्यानं घरोघरी जातात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरचा खाऊ. पण तो असा सुखासुखी हातावर पडत नाही. घरची बाई बंद डबा घेऊन येते, पोरींसमोर हलवते, आणि नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. गोड का तिखट, एवढं विचारायची मुभा. ओळखलं की झाकण उघडतं.

पोरांना यात जागा नाही. आम्ही लहानपणी दाराबाहेर घुटमळायचो, उरलासुरला घास मिळेल म्हणून. आणि चुकून "करंजी!" असं तोंडातून निघालं की आमच्या कमलताईचा धपाटा पाठीत बसायचा. "पोट्ट्यायचं काय काम हाये इथं? चाल, व्हय बाहेर!" त्यामुळे सत्तरीला टेकेपर्यंत मी भुलाबाईचा एकही खाऊ ओळखला नव्हता. ओळखायचा प्रसंगच आला नाही. तो आला कोरोनाच्या वर्षी.

त्या वर्षाचं नाव काढलं की लोक विषय बदलतात, आणि बदलणारच. कोणाचं कोण गेलं, कोणाचं काय गेलं. मलाही सगळं आठवतं. दोरीवर कपड्यांबरोबर वाळणारे मास्क, फाटकाला मारलेल्या ब्लीचिंगचा वास, भाजी धुवून धुवून तिची गेलेली चव, फोन लावला की आधी खोकणारी ती बाई. पण त्या सगळ्याच्या मध्ये माझ्याजवळ एक आश्विन आहे. त्याची आठवण आली की मला बरं वाटतं. हे चारचौघांत सांगायला जरा चोरट्यासारखं होतं, पण वाटतं बरं, त्याला काय करू?

माझं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान. सगळं आयुष्य खणखणाटात गेलं. गिऱ्हाईक येणार, पातेलं उचलणार, बोटाच्या गाठीनं टिचकी मारणार, कान लावणार, तोंड वाकडं करणार. मग मी टिचकी मारणार. दिवसभर नुसतं टण, ठण, टण. घरी आलो की बायको म्हणायची, "हळू बोला, मी काही पातेल्यात बसली नाई." ती गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे आजारपण आलं. मुलानं फोनवरून फर्मान काढलं की बाबांनी दुकानात पाऊल टाकायचं नाही. दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि मी घरात बसलो. पहिल्यांदा कळलं की माझं घर किती गप्प आहे.

टीव्ही दिवसभर चालू ठेवायचो. बघायला नाही, घरात कोणीतरी बोलत राहावं म्हणून. एकदा कोणी कोट घातलेला माणूस शेअर बाजार पडल्याचं सांगत होता आणि मी पोळी लाटता लाटता त्याला "हौ का? अरे बापरे" असं म्हणून मोकळा झालो. मग स्वतःचंच हसू आलं, आणि हसल्यावर जास्तच वाईट वाटलं. मुलगा रोज फोन करायचा. "जेवलात का?" "जेवलो." "काय जेवलात?" "वरणभात." मग फोन ठेवायचा. बोलायची इच्छा दोघांनाही होती, पण दोघंही घरातच बसलेले, नवीन काय सांगणार?

वरच्या मजल्यावर भाडेकरू. नवराबायको आणि एक मुलगी, गुंजन. सहावीत होती तेव्हा. बाप, प्रमोद, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. साधा, कमी बोलणारा माणूस. आणि आई, वैशाली, मोठ्या दवाखान्यात नर्स. कोरोनाच्याच वॉर्डात तिची ड्युटी. एकदा गेली की कितीतरी दिवस तिकडेच होस्टेलला राहायची, मग तपासणी, मग घरी एकदोन दिवस, की पुन्हा बोलावणं.

गल्लीला हे समजलं तेव्हा गल्लीनं जे करायचं तेच केलं. समोरच्या लीलाबाईंच्या मुलानं आपल्या फाटकाला आतून कुलूप घातलं. नळावर कोणी प्रमोदच्या जवळ उभं राहीना. दोघंतिघं मोठी माणसं मास्क लावून, दहा हात लांब उभी राहून मला सांगून गेली, "काका, त्यायले खोली खाली करायले लावा. सगळ्यायच्या जिवाचा प्रश्न हाये." मी म्हटलं, "मले नवा भाडेकरू शोधायचा कंटाळा येते. तुम्ही शोधून द्या, मंग पाहू." माझं वय पाहून ते निमूट गेले. यात शौर्य काही नव्हतं. वैशाली ड्युटीवर जाताना दर खेपेला खिडकीतून माझी गोळी घेतली का विचारून जायची. असं विचारणारं माणूस घराबाहेर काढायचं म्हणजे काय डोकं फिरलंय का माझं?

पण शिक्षा झाली ती पोरीला. गुंजनची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे लीलाबाईंची नात परी. शाळेच्या रिक्षात शेजारी, डब्यात वाटेकरी. आता परी खिडकीत आणि गुंजन गच्चीवर. शाळा बापाच्या जुन्या मोबाईलवर भरायची. त्यात बाई म्हणायच्या, "सगळ्यांनी आवाज बंद करा." ही पोरगी आधीच बंद होती, आणखी काय बंद करणार? एकदा परी खिडकीतून म्हणाली, "तुझी आई नोकरी सोडून घरी राह्यली असती, तर मी आली असती खेळायले." लहान पोर ते, घरात जे ऐकलं ते बोललं. गुंजननं तेच वाक्य आईला फोनवर सांगितलं. "नोकरी सोड." वैशाली म्हणाली, "आता नाई सोडता येत बेटा." झालं. त्या दिवसापासून गुंजननं आईशी बोलणं टाकलं. फोन आला की उठून गच्चीवर. वैशाली घरी आली तरी ही कोपऱ्यात पुस्तक घेऊन. प्रमोदनं समजावलं, रागावला, हात जोडले. पोरगी ढिम्म.

त्या दिवसांत मला एक गोष्ट फार टोचायची. सगळीकडे एकच सांगणं: पोरांनो घरात बसा, नाहीतर म्हाताऱ्यांना होईल. म्हणजे ही सगळी पोरं माझ्यासारख्यांना वाचवायला कोंडली होती. मी सत्तर पावसाळे पाहिलेला गडी, मला वाचवायला त्या पोरीचं खेळणं गेलं. आणि मी तरी वाचून काय करत होतो? टीव्हीला हौ हौ म्हणत होतो. म्हातारपणाचं एकटेपण आपल्या ओळखीचं तरी असतं. माणसं एकेक करून कमी होतात, आपण जागा करत जातो. पण अकरा वर्षांच्या पोरीला कुठून माहीत असणार ते? तिला एवढंच कळतं की पोट दुखतं. प्रमोद तिला ओवा द्यायचा. ओव्यानं ते थोडंच थांबणार होतं.

मग घटस्थापना आली. अधिक महिन्यानं सण लांबले होते, त्यामुळे दिवाळीची थंडी आधीच लागल्यासारखी सकाळी वाटायची. एका संध्याकाळी माझ्या खिडकीखाली कसलीतरी खुडबूड ऐकू आली. जिना बाहेरून आहे, त्याच्याखाली मी जुन्या कुंड्या ठेवतो. पाहतो तर गुंजननं कुंड्या बाजूला सारून पाट मांडलेला. अंगणातल्या मातीची भुलाबाई केली होती. नाक बसलेलं, डोळे मोठे. भुलोजी तर मला सरळ आमच्या पुतण्यासारखाच वाटला. धांडे कुठून मिळणार, म्हणून खराट्याच्या काड्यांचा मखर. आणि पोरगी एकटी टाळ्या वाजवून गाणी म्हणत होती. घोळक्यानं म्हणायची गाणी एका गळ्यात फार बारीक वाटतात.

गाणी संपली. मग तिनं डबा घेतला आणि हलवला. "ओळखा!" कोणाला म्हणत होती कोण जाणे. मग तिनंच आवाज बदलून म्हटलं, "शेव?" आणि परत आपल्या आवाजात, "नाई!" परत आवाज बदलून, "शंकरपाळे?" "नाई, नाई, हरले सगळे!" मी खिडकीआड उभा होतो.  आत जावं, टीव्ही मोठा करावा, असं वाटलं. पण कान माझे भांडीवाल्याचे. ते आपलं काम करत होते. तिनं पुन्हा डबा हलवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, झाकण दुसऱ्या डब्याचं हाये ते!"

ती दचकली. वर पाहिलं. मी खिडकीच्या गजांना नाक लावून उभा. म्हणालो, "डबा स्टीलचा, जुना, बुडाला पोचा हाये. झाकण मातर त्याचं नोय, सैल बसून राह्यलं. म्हणून असा फाटका आवाज येते." तिनं डबा उलटा करून पाहिला. पोचा होता. मग हळूच म्हणाली, "आजोबा, डबा नाई ओळखायचा. खाऊ ओळखायचा असते." मी म्हटलं, "खाऊ मले काय माहीत? मी जिंदगीभर डबेच विकले." आणि ती हसली. आधी नुसती नाकातून, मग खरोखर खदखदून, डबा पोटाशी धरून. किती दिवसांनी तो आवाज ऐकला असेल? वरून प्रमोद धावत जिन्यात आला, हातात झारा, त्याला वाटलं पोरगी रडते आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीत आणि ती जिन्याखाली, असा आमचा कार्यक्रम ठरला. ती रोज खाऊ लपवायची आणि मी रोज हरायचो. मुरमुरे असले की मी लाह्या म्हणायचो, फुटाण्यांना दाणे. एकदा आमच्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे तुकडे होते त्यांना मी ठामपणे बदाम म्हटलं. ती म्हणाली, "बदाम कोण ठेवते भुलाबाईले, आजोबा? आम्ही काय राजे हाओत?" शेवटी एके दिवशी कंटाळून म्हणाली, "तुमच्याशी खेळण्यात मजा नाई. तुम्ही फारच ढ हाये." तेव्हा मला कमलताई आठवली.

कमलताई माझी मोठी बहीण, वडनेरला असते. भल्या मोठ्या घरात तेव्हा एकटी, कारण मुलगा-सून पुण्यात अडकलेले. गड्यामाणसांनाही ती ओसरीच्या खालीच उभं करून काम सांगायची. मी फोन केला आणि म्हटलं, "ताई, तू भुलाबाईचा खाऊ ओळखतं का?"   ताई अशी काही गरजली, "अरे वसंता, गावातल्या पोरी मले पाहून डबा लपवत होत्या! लाव तिले फोन!"

फोनवर खाऊ ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. त्या फोनला काय अक्कल असते देव जाणे, माणसाचा आवाज तेवढा नेतो आणि बाकीचा खडखडाट गाळून टाकतो. गुंजन जीव खाऊन डबा हलवायची आणि वडनेरहून ताई ओरडायची, "हलव ना व बाई, हातात जीव नाई का? काही जेवली नाई का सकाळपासून?" मग आम्ही शोध लावला. फोन डब्याच्या बुडालाच टेकवायचा. ठण्ण करून ताईचा कानच बसला. पण दुसऱ्याच दमात म्हणाली, "खोबरं. वाळलेलं. आणि संगं साखर हाये." गुंजनचं तोंड उघडंच राहिलं. डब्यात खोबरं-साखरच होती.

गाण्यांचा मात्र पुरता बट्ट्याबोळ. ताईचा आवाज एक ओळ उशिरा पोचायचा. गुंजन पुढे, ताई मागे, आणि मी मध्ये नुसत्या टाळ्या देणारा. शिवाय ताईची गाणी वडनेरची, गुंजनची शाळेत शिकलेली. "असं नाई ते, तुमच्या बाईनं चुकीचं शिकवलं!" "नाई हो आजी, तुम्हीच विसरल्या!" दोघी हमरीतुमरीवर यायच्या. ऐंशीच्या घरातली बाई आणि सहावीतली पोरगी, सासू-सुनेच्या गाण्यावरून अशा भांडत होत्या की ऐकत राहावं. ताई मला नंतर म्हणाली, "लगन झाल्यापासून नाई खेळली रे मी. सासरी कोण खेळू देते?" साठ वर्षांनी तिला पुन्हा खेळायला मिळालं, आणि मी तिथं टाळ्या वाजवायला होतो. लहानपणचे सगळे धपाटे वसूल झाले म्हणायचे.

मग लीलाबाई. त्यांना हृदयाचा त्रास, म्हणून मुलानं त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलेलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, जेवण दाराशी. भरल्या घरात त्या एकट्या. त्यांच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. आमचा गोंगाट ऐकून एके दिवशी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला, "भाऊसाहेब, मघाशी शेव होती ना?" मी म्हटलं, "तुम्ही ऐकून राह्यल्या?" "रोज ऐकते. मले बी घ्या ना त्या फोनवर. मुलाले नोका सांगू." मुलानं कुलूप घातलं होतं फाटकाला, फोनला कोण कुलूप घालणार? दुसऱ्या दिवसापासून लीलाबाईही आल्या. आणि तीनचार दिवसांनी त्यांच्या अंदाजात दोन आवाज ऐकू यायला लागले. "चिवडा" हे लीलाबाईंचं, आणि त्याच्यामागून कुजबुजून, "नाई आजी, भाजके पोहे म्हण, भाजके पोहे." गुंजननं तो आवाज ओळखला.  आणि डबा तिनं आणखी एकदा, जरा सावकाश, नीट ऐकू येईल असा हलवला. दाराबाहेर बसून आजीला पढवणाऱ्या परीचं हे दुकान पुढे कोजागिरीपर्यंत चाललं.

हे सगळं असं बहरलेलं, आणि एकच माणूस बाहेर. वैशालीचा मला रोज फोन यायचा, ड्युटी संपली की.  दिवसभर त्या प्लास्टिकच्या झग्यात उकडून निघालेली. मग विचारायची, "काका, बोलते का हो ती तुमच्याशी?" "बोलते. मले ढ म्हणते." "जेवते का?" "जेवते. आता पोट नाई दुखत." "आज काय होतं डब्यात?" मी सांगायचो, "तूच ओळख. गोड होतं." "मंग शंकरपाळे असतील. दिवाणाखालच्या डब्यात होते." तिचं कधी चुकलं नाही. दवाखान्यात बसून, आवाज न ऐकता ओळखायची. घरातला प्रत्येक डबा तिच्या डोक्यात होता.

मी एकदा गुंजनला म्हटलं, "तुझ्या आईले घेऊ का फोनवर?" ती एकदम कडक झाली. "ती आली तर मी डबा नाई वाजवणार." मी वैशालीला तसं सांगितलं नाही, पण आईच ती, तिला समजलं. म्हणाली, "राहू द्या काका. नोका रागवू तिले. तुम्ही सांगत जा मले फक्त." मग मी रोज सांगत गेलो. कधी नव्हे तो माझ्या फोनवर गप्पांना विषय होता. मुलालाही सांगायला लागलो. हैदराबादला बसून तो विचारायचा, "बाबा, आज तरी ओळखलंत का?" "नाही रे." "काय बाबा!" आम्ही दोघं हसायचो. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं वरणभाताबद्दल विचारलं नाही.

आता गुंजन नागपूरला असते, बारावीचं वर्ष. परवाच्या त्या संध्याकाळी तिचाही फोन आला. होस्टेलवर बसून तिनं कंपासपेटी हलवली. "आजोबा, ओळखा!" मी म्हटलं, "पेनं." "चूक. आवळासुपारी." मी अजून ढच आहे. ताईला आता कमी ऐकू येतं, तरी गावच्या पोरींच्या डब्यावर हात ठेवते आणि सांगते, बोटांना कळतं म्हणते. लीलाबाई मागल्या वर्षी गेल्या. परीनं त्यांच्या खोलीची खिडकी अजून उघडी ठेवली आहे, तिथं बसून ती अभ्यास करते. कोणी मला विचारलं की त्या दिवसांत एकटेपणावर काय इलाज केला, तर मला सांगता येणार नाही. इलाज-बिलाज काही केला नाही. रोज संध्याकाळी एकदा हरायचं होतं, त्यासाठी दिवसभर वाट पाहावी लागायची, एवढंच. वाट पाहायला काही असलं की दिवस सरतो.

त्या वर्षीची कोजागिरी. म्हणजे भुलाबाईचा शेवटचा दिवस. प्रमोदनं वर दूध आटवायला ठेवलं होतं, केशराचा वास जिन्यानं खाली उतरत होता. चंद्र अजून वर यायचा होता. गुंजननं लवकरच पाट पुसला, भुलाबाईला शेवंतीची फुलं वाहिली. मी खिडकी सोडून आता जिन्याजवळच खुर्ची टाकायला लागलो होतो. फोन पायरीवर, त्यात ताई आणि लीलाबाई. गाणी सगळी झाली, शेवटच्या दिवशीची लांबलचक गाणीसुद्धा. गुंजन मुद्दाम रेंगाळत होती असं मला वाटलं. सारखी फाटकाकडे पाहत होती.

आणि फाटकात रिक्षा थांबली. वैशाली उतरली. तिची ड्युटी संपली होती, तपासणी नीट आली होती, हे प्रमोदला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि न बोलणाऱ्या पोरीलाही बरोबर माहीत होतं. वैशाली फाटकाच्या आत येऊन तिथंच थांबली. नियमच होता तिचा: बाहेरच्या मोरीत आंघोळ झाल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. किती वाळली होती ती. मास्कनं गालावर काळे वण पडलेले. हातात पिशवी, पायात रबरी चपला. तिनं गुंजनकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. पोरगी रागावली आहे हे तिनं गृहीतच धरलं होतं, आणि निमूटपणे मोरीकडे निघाली होती.

तेव्हा गुंजननं डबा उचलला. फोनकडे नाही वळली. आईकडे तोंड करून उभी राहिली आणि हलवला.

आत खुळखुळ नव्हती. एकच काहीतरी गडगडलं, थांबलं, परत गडगडलं. धप्प, धप्प. वैशाली थांबली.

"बत्तासा!" फोनमधून कमलताई ओरडली. मी चमकलो. बत्तासा? ताई? जिचा इतक्या दिवसांत एक अंदाज चुकला नव्हता? रिक्षा थांबल्याचं तिनंही ऐकलं होतं तर. लीलाबाई म्हणाल्या, "लाडू असंन, राजगिऱ्याचा." मागून परीचा आवाज आला नाही. मग गुंजननं माझ्याकडे पाहिलं. "आजोबा?"

आणि राजेहो, मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माहीत होतं. एकच नग, गोल, जड, पण बुडाला टक्कन लागत नाही, दबून लागतो. असा आवाज लाडूचा नसतो, बत्तासा तर हवेसारखा हलका. ते सीताफळ होतं. पिकलेलं. पवनारची पोरगी वैशाली, धाम नदीच्या काठच्या वावरात सीताफळं खाऊन वाढलेली, दरवर्षी आमच्या अंगणातल्या सीताफळाच्या झाडाखाली उभी राहून म्हणायची की काका, पहिलं पिकलेलं माझं. माझ्या जिभेवर शब्द येऊन बसला होता. पोटातून वर ढकलत होता. सत्तर वर्षांत एकदा ओळखायचं आणि तेही कमलताईच्या कानांसमोर! मी वैशालीकडे पाहिलं.

"चकली," मी म्हटलं.

"अहो आजोबा, चकली अशी गडगडते का कधी?" गुंजन वैतागून म्हणाली. मग डबा दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.  जिन्यात प्रमोद पळी हातात घेऊन थांबलेला. 

वैशालीनं मास्क खाली केला. "सीताफळ हाये," ती हळू म्हणाली. "काकाच्या झाडाचं. पहिलं."

 गुंजननं डबा पोटाशी घट्ट धरला आणि कितीतरी दिवसांनी आईशी बोलली.

"जाय, आंघोळ करून ये लवकर. तू आल्याशिवाय मी झाकण उघडत नाई."